विहिरीत सोडलेली जिवाणी

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा अर्धं टाईप केलं, दोनदा पुसलं. गोष्ट माझी नाही, बसूची आहे. आणि ही वाचून ज्या माणसाचा जीव तुटला असता ते माणूस मागच्या वर्षी गेलं. मग शीतलच म्हणाला, "लिही आता. गल्लीत लोक बसूबद्दल वाट्टेल ते सांगाय लागल्यात." मी काही शिकलेला लेखक नाही. जसं घडलं तसं लिहितो.

तर बसू. बसवराज कोरे. आयटीआय अर्ध्यात सोडली आणि पुढचं सगळं मोबाईलवर बघून शिकला. इचलकरंजीत आमच्या गल्लीतले माग बंद पडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बाजारची भाजी परवडण्यासारखी राहिली नव्हती, म्हणून लोकांनी शेडांच्या सपाट स्लॅबवर कुंड्या, पोती, फुटके ड्रम मांडून घरचाच भाजीपाला सुरू केलेला. पाणी सगळ्यांना एकच, गल्लीच्या मधोमध असलेल्या जुन्या विहिरीचं. बसूच्या बापाच्या शेडमध्ये मागांच्या जागी एक सेकंडहँड मशीन आलं होतं, जीन छापायचं. जीन म्हणजे कापड नव्हे, जिवाचे गुण ठरवणारा डीएनएचा तुकडा. पूर्वी कोपऱ्याकोपऱ्यावर झेरॉक्सची मशिनं असायची ना, तशी ती तेव्हा मिळायची. परवाना लागायचा. बसूकडं नव्हता.

शीतल मगदूम त्याचा जिगरी. आमच्याकडं जैनांत शीतल हे बाप्याचं नाव असतं, परगावचे लोक फसतात. गल्लीच्या तोंडाला सुताला खळ लावायचा एक सायझिंग कारखाना अजून कसाबसा चालू होता, तिथं तो बॉयलर सांभाळायचा. आणि शीतलची आई, पद्मिनीकाकू. बसूला आई नव्हती. लहानपणापासून त्याचं दुपारचं ताट मगदूमांच्याच घरी. गल्लीत कुणी त्याला येडा म्हणो, उद्योगी म्हणो, काकू फक्त एवढंच विचारायच्या, "जेवलास का?"

सुरुवात काकूंच्या मिरचीपासून झाली.

मिरचीची रोपं पिवळी पडायला लागली. पाणी घातलं तरी माना टाकलेल्याच. बसूनं एक कुंडी आडवी केली, बुडावर थाप मारली आणि रोप मातीसकट बाहेर ओढलं. मुळांवर पिठाची चिमूट उधळावी तसं पांढरं. जवळून बघितलं तर त्या पिठात राखाडी दाणे, आणि दाण्यांना पाय.

"मावा हाय काकू. मुळावरचा. वरनं फवारा मारून ह्याला काय होत न्हाई."

"मला कधी दिसला न्हाई तो."

"कांदा न्हाई, बटाटा न्हाई, मुळा न्हाई. तुम्ही मुळाकडं बघायचंच सोडलंय तर दिसंल कसा?"

काकू हसल्या. "बघितला असता तर काय मारला असता होय मी?"

जिन्यातनं शीतल म्हणाला, "हिला मारायचं नाव काढू नकोस. मागं ढेकणं झालीवती तर पलंग उचलून बाहेर ठिवला हिनं. ढेकणं घरात न्हाईत, आम्ही जमिनीवर."

बसूचं लक्ष कुंडीच्या भोकाकडं होतं. तिथनं मुंग्यांची रांग आत जात होती. एका मुंगीच्या तोंडात माव्याचं पिल्लू होतं. मांजर पिल्लं हलवतं तशी ती त्याला दुसऱ्या कुंडीकडं नेत होती.

आता इथं थोडं विज्ञान सांगावं लागेल. मुंग्या मावा पाळतात. आपण म्हशी पाळतो तसाच. मावा मुळातला रस ओढतो आणि मागनं गोड थेंब सोडतो, तो थेंब मुंगी पिते. बदल्यात त्याला राखते, एका मुळावरनं दुसऱ्या मुळावर चरायला नेते. मुंगी आपलं-परकं ओळखते ते वासावर. तिच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो आणि त्या मेणाचा वास प्रत्येक वारुळाचा वेगळा. मुंग्यांत राहून राहून माव्याच्या अंगालाही तोच वास लागतो. मुंगीच्या लेखी तो घरचा.

बसूचं डोकं इथं चाललं. माव्याचा वासच बदलला तर? त्यानं पाव फुगवायला वापरतात तसलं यीस्ट घेतलं आणि त्यात दोन जीन बसवले. एकानं अंगावरचं मेण खायचं. दुसऱ्यानं त्या खाल्लेल्या मेणातनं परक्या वारुळाचा वास काढायचा. म्हणजे मावा तोच, पण मुंगीला वाटणार, घरात वैरी शिरला. पुढचं काम मुंग्याच करणार. यीस्टचं नाव त्यानं ठेवलं फितूर.

"तुम्ही मारायचं न्हाई, मी मारायचं न्हाई," बाटली दाखवत तो काकूंना म्हणाला. "मारणार मुंग्या."

काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी सोडलेलं कुत्रं कुणाला चावलं, तर चावलं कुणी?"

 बसू बाटली घेऊन रागानं निघून गेला. दुसऱ्या दिवशी काकू बस्तीत, म्हणजे गल्लीच्या टोकाच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या आणि त्यानं बाटली कुंड्यांत ओतली. शीतल शेजारी उभा होता. नको म्हणाला नाही.

दोघं कुंडीवर मोबाईलची भिंगाची लेन्स धरून बसले. थोडा वेळ काहीच नाही. मग एक मुंगी एका माव्याजवळ थांबली. मिशा फिरवल्या. परत फिरवल्या. आणि तिनं त्याला मधोमध चावून फाडलं. तिच्या मागची थांबली, तिनं दुसरा धरला. दोघी-दोघी मिळून एकेकाचे पाय उपटत होत्या. ज्यांना तोंडात धरून चरायला नेलं त्यांनाच. पिल्लांना सोडलं नाही. मातीतनं मेलेल्यांचा पांढरा चुरा वर यायला लागला.

"आयला," बसू म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, खोटं कशाला सांगू.

शीतलनं लेन्स बाजूला केली. "बास कर. मला शिफ्टला जायचंय."

"जाताना एक काम कर. दिवस मावळायच्या आत सगळ्या कुंड्यांत कढत पाणी ओत. मिरची गेली तर गेली, ही नुसती चाचणी हाय. फितूर तिथंच मेला पाहिजे, बाहेर जाता कामा नये."

शीतल हो म्हणाला आणि बॉयलरवर गडबड होती म्हणून तसाच पळाला. काकू दर्शनाहून आल्या. बघतात तर कुंड्यांखालच्या ताटल्यांत मुंग्या आणि मावा पाण्यावर तरंगतायत, अर्धमेले, तडफडत.

काकूंनी जे केलं ते त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यांच्यात पाणी जाड फडक्यातनं गाळतात. फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ते फेकून द्यायचे नाहीत. फडकं पाण्यानं हळू धुवायचं आणि ते पाणी ज्या विहिरीचं त्याच विहिरीत परत सोडायचं. तिला जिवाणी म्हणतात. त्यासाठी बुडाला कडी असलेली कळशी असते. ती दोरीनं पाण्यापर्यंत सोडायची, पाण्याला टेकली की मगच उलटी करायची, का तर वरनं पडून जिवांना मार लागू नये. काकूंनी ताटल्यांतलं पाणी गाळलं, मुंग्या आणि मावा सावलीतल्या ओल्या मातीवर ठेवले, आणि जिवाणी विहिरीत सोडली. अगदी हळू.

कढत पाणी कुणी ओतलंच नाही. शीतलला वाटलं, बसूनं ओतलं. बसूला वाटलं, शीतलनं.

पुढं काही दिवस गल्ली खूश होती. सगळ्याच स्लॅबांवरचा मावा आपोआप गेला. वांग्यांनी अंग धरलं, टोमॅटो लगडले. कसं झालं कुणाला कळेना. बसूला खटकलं होतं, पण कौतुकाच्या वासानं त्याचंही नाक बंद झालं. चहाच्या गाड्यावर तो सांगत सुटला, औषध माझं हाय.

मग गल्लीतल्या तात्या हावळांचं कुत्रं मेलं. ते रोज कुंड्यांच्या ओल्या मातीत लोळायचं. सकाळी तात्यांना ते जिन्याखाली सापडलं. अंगावर तांबड्या मुंग्यांचं कांबळं. डोळ्यांच्या जागा रिकाम्या. तात्या म्हणाले, म्हातारं होतं, मेल्यावर मुंग्या लागल्या असतील. बसूनं ते ऐकलं आणि वाकून कुत्र्याचे पंजे बघितले. कुत्र्याच्या नखांत मुंग्या चेंगरलेल्या होत्या. मेलेलं कुत्रं खाजवत नाही.

तो हे शीतलला सांगायला निघाला, तेवढ्यात स्लॅबवरनं काकूंचा आवाज आला. किंकाळी नव्हती. काकू फुंकर मारत होत्या, मोठमोठ्यानं, दम लागल्यासारख्या.

वर जाऊन बघतो तर कठड्याच्या फटीतनं, पन्हाळीतनं, भिंतीवरनं तांबड्या दोऱ्या सुटलेल्या. सगळ्या दोऱ्या काकूंकडं. काकू मिरच्यांमध्ये मांडी घालून बसलेल्या, दोन्ही हात वर. बोटांपासून कोपरापर्यंत कातडी दिसत नव्हती. गळ्यावर, कानात, ओठांच्या कडेला. आणि ती बाई त्यांना झटकत नव्हती. झटकलं तर चिरडतील म्हणून नुसती फुंकर मारत होती.

बसूनं काही विचार केला नाही. त्यानं काकूंना उचलून स्लॅबवरच्या पाण्याच्या हौदात टाकलं आणि स्वतः आत उडी मारली. दोन्ही हातांनी काकूंचं अंग घासलं, मूठमूठ मुंग्या पाण्याखाली चुरल्या. त्याच्या मानेवर, पापण्यांवर त्या चढल्या. एक कानात गेली आणि आतनं चावली, तसा तो हौदाच्या भिंतीवर डोकं आपटायला लागला.

"मारू नको रे," काकू म्हणाल्या. ओठ सुजून वळत नव्हते. "मारू नको त्यास्नी."

सरकारी दवाखान्यात काकूंना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीण म्हणाली, आता धोका टळलाय, पण गळा आतनं सुजतोय, परत असं झालं तर श्वास टिकणार नाही. बसूनं बाथरूममध्ये जाऊन स्वतःच्या तळहाताचा तेलकट थर काचेवर खरवडला आणि मोबाईलला सूक्ष्मदर्शकाचं भिंग लावलं. फितूर तिथं होता. कातडीवरच्या तेलावर पोसत होता, ऐटीत. त्यानं फितूरला मेण खायला शिकवलं होतं. माणसाच्या अंगचं तेल त्या मेणाचंच लांबचं भावंड आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. उघड्या हातानं कुंडीतली माती कालवणारं गल्लीतलं प्रत्येक माणूस आता मुंग्यांच्या लेखी वैरी होतं. मुंग्या वैऱ्याचा वास विसरत नाहीत, अख्खं वारूळ तो लक्षात ठेवतं.

"सगळ्यांच्या कुंड्यांत पोचला म्हंजे पाण्यातनंच. पण विहिरीत गेलाच कसा?" तो काकूंच्या खाटेपाशी पुटपुटला.

काकूंनी मास्क बाजूला करून सांगितलं. जिवाणी. कडीची कळशी. अगदी हळू. सांगताना त्यांना वाटत होतं, आपण त्याची चूक सावरली.

शीतलनं बसूला बाहेर व्हरांड्यात ओढलं आणि मारलं.  पहिला ठोसा नाकावर, दुसरा बरगडीत. बसू खाली पडला तरी लाथा चालू होत्या. वॉर्डबॉयनं सोडवलं.

"कढत पाणी ओत म्हणालोवतो की तुला," रक्त पुसत बसू म्हणाला.

"तिला न विचारता वतलंस कुणी?"

"तू शेजारी हुतास मर्दा."

यावर शीतल भिंतीला टेकून खाली बसला. 

"उद्या घरी जाणार म्हणतीया," शीतल म्हणाला. "बस्तीत दर्शन घेतल्याबिगर अन्न घ्यायचं न्हाई असा नेम हाय तिचा. दवाखान्यात आल्यापास्नं पोटात काय न्हाई. सलाईनवर हाय."

"दुसऱ्या बस्तीत नेऊया."

"नेम ह्याच मूर्तीचा हाय."

"मग फोटो..."

"फोटोला ती पाया पडंल. जेवणार न्हाई."

"हातावरचं औषधानं जाईल, पण महिना जाईल त्याला."

"महिनाभर उपाशी ठिवतोस? आणि तशीच गल्लीत नेली तर पायरीवर मरंल ती."

गल्लीत तोवर बातमी पोचली होती. विहिरीत ब्लिचिंग टाकून बसू घरी गेला तर तात्या हावळ आणि चौघंजण दारात. तात्यांच्या हातात मागावर सूत इकडनं तिकडं नेणारा जुना लाकडी धोटा, टोकाला पितळ लावलेला. बसूचे दोन दात तिथंच पडले. बसूनं हात वर केला नाही. मार संपल्यावर तो म्हणाला, "तात्या, पोरंबाळं घेऊन शाळेत जा उद्या दुपारच्या आत. विहिरीत ब्लिचिंग टाकलंय, पाणी वापरू नका. बाकीचं मी बघतो." तात्यांनी धोटा खाली टाकला. त्यांचा नातू सकाळपासून अंग खाजवत होता.

विषारी औषध मारावं तर विहीर मधोमध. घासलेट ओतलं की मुंग्या फुटून दुसरीकडं वारूळ करतात. उरली ती वाफ. सायझिंगच्या बॉयलरची वाफ जमिनीत सोडली की मातीतला फितूर, वारूळ, राणी, अंडी, सगळं जागेवर शिजतं. भर उन्हात मुंग्या आत असतात, म्हणून दुपार. आणि बॉयलर शीतलकडं.

"मी नुसती वाफ देणार," शीतल म्हणाला. "नळी हातात घेणार न्हाई. आईला तोंड दाखवायचं हाय मला."

"मी तुला मागितलंय कुठं?"

रबरी पाईपला पाईप जोडून त्यांनी गल्लीच्या पार शेवटापर्यंत नेला. टोकाला लोखंडी नळी, तिच्यावर ओलं गोणपाट गुंडाळलेलं. बसूनं हातापायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि हात हलवला. शीतलनं व्हॉल्व्ह उघडला.

पहिलं वारूळ काकूंच्याच भिंतीखालचं. नळी आत खुपसली, तशी जमीन फुगली आणि दहा जागी फुटली. प्रत्येक फटीतनं वाफ आणि वाफेबरोबर मुंग्या, उकडलेल्या, चिकटून गोळे झालेल्या. शिजलेल्या डाळीसारखा वास सुटला. बसू पुढं गेला. पन्हाळी, कठडे, जिन्यांच्या फटी. स्लॅबवरच्या कुंड्या, एकेक करून. मिरच्या, वांगी, टोमॅटो उभ्या उभ्या माना टाकत गेले. सरडे बाहेर पळाले आणि पळता पळता भाजले. गांडुळं वर येऊन वळवळली आणि पांढरी पडली. बसू थांबला नाही. काकूंचा मोगरा आला, तेव्हाही नाही.

मोठं वारूळ विहिरीच्या कट्ट्याखाली होतं. इतकं मोठं असेल हे त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं नळी खुपसली आणि कट्ट्याचा दगड सरकला. वाफ आत जायच्या ऐवजी मागं फिरली, आणि वारुळाची दुसरी तोंडं त्याच्या पायांमागं उघडली. शीतलला लांबनं दिसलं ते एवढंच की बसूच्या पाठीवर तांबडं काहीतरी चढतंय. बसूच्या हातातली नळी सुटली. ती सापासारखी वळवळत जमिनीवर वाफ ओकत राहिली. बसू गुडघ्यावर, मग पालथा. प्लास्टिकच्या पिशवीच्या आत मुंग्या शिरलेल्या दिसत होत्या.

शीतल व्हॉल्व्ह सोडून पळत आला. त्यानं गोणपाटासकट नळी धरली. गोणपाट सुकलं होतं, तळहात चरचरला. त्यानं आधी बसूच्या भोवतीची जमीन उकडली, मग बसूच्या पाठीवरच्या मुंग्या हातानं ओरबाडल्या, मुठीत दाबल्या, फेकल्या. जन्मात पहिल्यांदा त्यानं जीव मारला होता. मग नळी कट्ट्याखाली घातली आणि खांद्यानं रेटून धरली. आतनं फुटल्यासारखा आवाज आला. अंड्यांचा पांढरा लगदा दगडांच्या सांध्यातनं बाहेर आला.

बसू विहिरीजवळच्या हौदापाशी सरपटत गेला, अंगावर पाणी ओतलं, तोंडातल्या मुंग्या थुंकल्या. वळून बघतो तर वारूळ केव्हाच संपलं होतं आणि शीतल अजून मारतच होता. वाफ ओसरली होती. त्यानं नळी टाकली होती आणि तो पायांनी तुडवत होता. लगदा, माती, मेलेल्या, कुठं एखादी हलणारी दिसली की तिच्यावर टाच. आईला चावलेली प्रत्येक मुंगी शोधत असल्यासारखा. तो तोंडानं काहीतरी म्हणत होता. बसूला आधी शिव्या वाटल्या. नंतर कळलं, तो जैनांचा णमोकार मंत्र म्हणत होता.

"शीतल. भावा. बास. मेल्यात सगळ्या."

शीतल थांबला. पायांकडं बघितलं. चपलेला काय काय चिकटलं होतं. तो कट्ट्यावर बसला आणि भाजलेले तळहात उघडे धरले.

सूर्य कलला होता. गल्लीत एक पान हिरवं नव्हतं. काकूंना संध्याकाळी रिक्षातनं आणायचं ठरलं होतं. बस्तीच्या पायरीपर्यंतचा रस्ता आता निर्धोक होता. बसूनं दोनदा चालून खात्री केली, उघड्या पायांनी. एकही मुंगी फिरकली नाही.

"ती विचारणार," शीतल म्हणाला. "पहिलं हेच विचारणार. माझ्या हातांकडं बघणार."

"बॉयलरवर भाजलं म्हण. तुला काय नवीन हाय?"

"आणि ह्ये सगळं?"

बसू त्याच्या शेजारी बसला. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता, दात गेलेल्या जागेतनं रक्त येत होतं. त्याच्या डोळ्यांपुढं काकूंचा ओटा आला, दुपारचं ताट, ताटातली गरम भाकरी. हे सांगितल्यावर ते ताट परत मिळणार नाही हे त्याला स्वच्छ दिसत होतं. काकू ओरडणार नाहीत, शिव्या देणार नाहीत. फक्त जेवलास का, असं परत कधी विचारणार नाहीत.

"मी केलं म्हणून सांगीन," तो म्हणाला. "तू नको म्हणत हुतास. मी किल्ली चोरली, तुला बॉयलरवरनं ओढून गोदामात कोंडून घातलं, आणि वाफ सोडली. शेवटच्या वारुळापर्यंत नळी माझ्याच हातात हुती."

"तुला उंबऱ्यात उभं करणार न्हाई ती."

"न करू दे."

"आणि जेवायला रं?"

 लांब रिक्षाचा हॉर्न वाजला. त्यानं शीतलच्या चपला काढून घेतल्या, विहिरीच्या कट्ट्यावर घासून साफ केल्या आणि परत त्याच्या पायांत घातल्या.

"ऐक शितल्या. ती जगंल तितकी वर्षं ह्या तोंडातनं दुसरं काय निघायचं न्हाई. दारू पिलो तरी न्हाई, भांडलो तरी न्हाई. तिच्या लेखी तुझे हात कोरेच ऱ्हातील. शब्द दिला तुला."